आरोया

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या त्या बाकावर बसायची प्रमिलाबाईची ही चौथी खेप. आधीच्या तीन तारखांना ती सकाळच्या एसटीने आली होती, डोक्यावर पदर घेऊन दिवसभर बसली होती आणि संध्याकाळी तशीच परत गेली होती. एकदा वकील आजारी, एकदा मॅजिस्ट्रेट रजेवर, एकदा नुसतंच ‘पुढची तारीख’. दर खेपेला तिला वाटायचं, सुटले. मग गावच्या फाट्यावर उतरता उतरता कळायचं, सुटणं कसलं, फक्त लांबलं.

प्रमिलाबाई धरणगावकडच्या एका लहान गावात पिठाची गिरणी चालवायची. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा स्वप्नील सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. गिरणीचं मशीन तिचं, पण ते बसवलेली खोली तिच्या थोरल्या चुलत दिराची, जीवरामनानांची. नवरा गेला तेव्हा नानांनीच ती दिली होती. भाडं नाही, कागद नाही. गावात सगळे म्हणायचे, जीवरामने भावजयीला उघडं पडू दिलं नाही. ते खरंही होतं.

आणि खटला होता तो नानांच्या मुलावर, नवलवर. दोन वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका दुपारी त्याची बायको दिपमाला जिन्यावरून खाली पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. नवल म्हणत होता, पाय घसरला. दिपमाला म्हणत होती, ढकललं. ती तेव्हापासून पाचोऱ्याला बापाकडे, सुकदेवकडे होती. नवलच्या घराच्या एका बाजूला कुलूप लावून सुरतेला गेलेल्यांचं घर, दुसऱ्या बाजूला प्रमिलाबाईची गिरणी आणि तिचं घर. मध्ये एक विटेची भिंत. त्या दुपारी त्याच घरात राहणारे नाना शेतावर होते, आणि भिंतीच्या अलीकडे एकटी प्रमिलाबाई होती. म्हणून साक्षीदारही ती एकटीच.

आदल्या संध्याकाळी नाना तिच्या ओट्यावर येऊन बसले होते. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि चौकटीच्या आत उभी राहिली.

“स्वप्नीलनी माय, उद्या तारीख शे ना?”

“हा, नाना.”

“खोटं काही सांगू नको. येवढंच सांग, गिरणी चालू व्हती, काही ऐकू उनं नही. बठ्ठा गावले माहीत शे, तुनी गिरणी चालू व्हयनी का देवबी हाक मारी तरी ऐकू येवाव नही.” ते हसले. पाणी प्यायले. उठता उठता गिरणीच्या दाराकडे बघून म्हणाले, “ही खोली तुनीच शे. मी कधी काही म्हनं का?”

आजवर खरंच कधी काही म्हटलं नव्हतं. तेच त्या संध्याकाळी पहिल्यांदा म्हणून झालं.

रात्रीच्या जेवणाआधी स्वप्नीलचा फोन. “माय, तू एकटी ऱ्हास तठे. सांगी दे ना, गिरणी चालू व्हती. त्यामा खोटं काय शे?”

खोटं काहीच नव्हतं, आणि प्रमिलाबाईला डाचत होतं ते हेच. गिरणी चालू होती. कधी चालू झाली, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी दळण नव्हतं. ती खाली बसून मशीनभोवतीचं सांडलेलं पीठ झाडूने गोळा करत होती. पलीकडे नवलचा आवाज चढला. त्यात नवीन काही नव्हतं. दिपमालाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि भिंतीतून येणारे सगळे आवाज प्रमिलाबाईला पाठ होते. भांडं आपटल्याचा, दार लावल्याचा, तोंडावर हात ठेवून रडल्याचा. मग जिन्याच्या वरच्या अंगाने आरोयी आली.

“प्रमिला अक्का वं!”

त्या गल्लीत आरोयी ही रोजची चीज. मेथीची गाडी घेऊन येणारा अय्युब आरोया मारत यायचा. सांज झाली की बाया पोरांना आरोया मारून घरी बोलवत. शेतातला माणूस बांधावरून बांधावर आरोयी मारून विचारायचा, मोटर बंद करू का. कोणी विहिरीत पडलं तरी आरोयीच. लहानपणापासून तिला कधी वेगवेगळे शब्द लागले नव्हते. ऐकणाऱ्याला कळायचं, कोणती आरोयी कसली आहे. आणि ही कसली, तेही तिला कळलं. कळायला एक श्वासही लागला नाही.

दोन वर्षांत दिपमाला रडली होती, ओरडली होती, आईचं नाव घेतलं होतं, देवाचं घेतलं होतं. प्रमिलाबाईचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं.

“प्रमिला अक्का वं!”

प्रमिलाबाई उभी राहिली. दार चार पावलांवर होतं. बाहेर पडून तीन पावलं टाकली की नवलचं दार. तिला नाना आठवले, खोली आठवली, स्वप्नीलचं अजून न ठरलेलं लग्न आठवलं. भाऊबंदांच्या घरात पाय घालणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं तेही आठवलं. एवढं सगळं आठवायला माणसाला किती थोडा वेळ पुरतो, याचं तिला नंतर आश्चर्य वाटत राहिलं. तिसरी आरोयी सुरू झाली तेव्हा तिचा हात भिंतीवरच्या बटणावर होता.

गिरणी चालू झाली. वर दाणा नाही, आत दळण नाही. रिकामा दगड दगडावर फिरू लागला, करकरायला लागला, जळका वास सुटला. दगड खराब होतो हे तिला माहीत होतं. तरी तिने बटणावरचा हात काढला नाही. मग गिरणीच्या आवाजातूनही कळेल असा एक धप्प आवाज झाला, पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आला. तिने सांगितलं, “ती आरोया मारे.” तो बाहेरच्या जिल्ह्यातला, तरुण होता. लिहिता लिहिता थांबून म्हणाला, “म्हणजे आरडाओरडा?” आणि प्रमिलाबाई म्हणाली, “हा, तसंच.” त्याने ते लिहिलं, वाचून दाखवलं, शेवटी ‘जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असंही वाचलं. तिला हलकं वाटलं होतं. त्या शब्दात तिचं नाव कुठेच नव्हतं.

“प्रमिलाबाई दगाऽऽ पाटीऽऽल!” दारातून पट्टेवाल्याचा पुकारा आला, नवऱ्याच्या नावासकट. ती उठली. दुसरा पुकारा झाला तेव्हा दारात होती, तरी त्याने रिवाजाप्रमाणे तिसरा मारला.

आत पंखा होता, पण पिंजऱ्यापर्यंत त्याचा वारा येत नव्हता. साक्षीदाराचा तो लाकडी कठडा तिच्या छातीपर्यंत आला. समोर मॅजिस्ट्रेट बाई, साताऱ्याकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. बाजूला टायपिस्ट. डावीकडे नवल, पांढऱ्या शर्टात, खाली मान घालून. त्याच्या मागे नाना. अगदी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून दिपमाला, हातात चार पायांची काठी, शेजारी तिचा बाप.

सरकारी वकिलांनी नाव, गाव, नातं विचारलं. मग त्या दिवशीचं.

“आरोया ऐकू उन्यात,” प्रमिलाबाई म्हणाली.

“आरोया म्हणजे?” मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

टायपिस्ट इथलाच होता. “आरोळ्या, मॅडम.”

“कोणाच्या?”

“दिपमालान्या.”

एवढ्यावर सरकारी वकील बसले. आरोपीचे वकील उठले. जळगावहून आलेले, केस पिकलेले, आवाज गोड. तिला वाटलं होतं हे अंगावर येतील. ते तर घरी चहाला आल्यासारखे बोलू लागले.

“अक्का, घाबरू नका. मी फक्त कागदावरचं विचारतो. पोलिसांना तुम्ही जबाब दिला, त्यात असं आहे.” त्यांनी चष्मा लावला. “‘माझी चुलत सून दिपमाला ही घरात नेहमी आरडाओरडा करीत असे. घटनेच्या दिवशी दुपारी तिचा आरडाओरडा मला ऐकू आला.’ असं सांगितलं होतं?”

“मी आरोया सांगेल व्हतं.”

“पण वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाही.”

“माले वाटनं, सरकारी भाषामा तसंच म्हनतस.”

मागे कोणीतरी हसलं. वकीलही हसले, मायेने हसल्यासारखे. “ठीक. आपण तुमचाच शब्द धरू. आरोळी. तुमच्या गल्लीत भाजीवाला येतो?”

“हा, रोज येस.”

“तो काय मारतो?”

“आरोया.”

“पोरांना जेवायला बोलवताना?”

“आरोयीच.”

“म्हणजे तुमच्याकडे आरोळी ही रोजची गोष्ट. आरोळी मारणारा प्रत्येक माणूस संकटात असतो असं नाही.”

“नही.”

“आता मला सांगा. तुमच्या गावात एखादी बाई मदतीसाठी हाक मारतेय, आणि शेजारीण चार पावलांवर असून जात नाही, असं घडतं?”

प्रमिलाबाईने कठडा धरला. “नही घडत.”

“माणुसकीचं गाव आहे. मलाही माहीत आहे, माझं आजोळ तिकडचंच. तुम्ही त्या वेळी गेलात?”

“नही.”

“तुम्ही वाईट बाई आहात का?”

तिने पदर कपाळावर ओढला.

“नाही ना. तुमच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. म्हणजे तुम्ही गेला नाहीत, कारण जाण्यासारखं काही नव्हतंच. नेहमीचा आरडाओरडा होता. बरोबर?”

केवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. एक ‘हा’ म्हटलं की ती वाईट नव्हती, गाव वाईट नव्हतं, खोली तिची होती. नानांनी मान वर केली होती. टायपिस्टची बोटं कळांवर थांबली होती. तिने नकळत शेवटच्या बाकाकडे पाहिलं. दिपमाला तिच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असेल असं प्रमिलाबाईला दोन वर्षं वाटत आलं होतं. राग नव्हता. उलट ती किंचित पुढे झुकून बसली होती, आपलं माणूस बोलतंय तसं ऐकायला.

“अक्का, बरोबर ना?”

“नाव घिसन मारेल व्हती,” प्रमिलाबाई म्हणाली.

“काय?”

“आरोयी. नाव घिसन. भाजीवाला नाव घेत नही.”

मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन खाली ठेवलं. “कोणाचं नाव घेऊन?”

“मनं.”

टायपिस्टने न विचारता सांगितलं, “माझं, म्हणतात.”

“नेमकं काय म्हणाली ती? जसं ऐकलं तसं सांगा.”

“प्रमिला अक्का वं.” तिचा आवाज इतका खाली गेला की टायपिस्ट पुढे वाकला.

“एवढ्याच आवाजात?”

“नही, मॅडम.” ती घाम पुसायला विसरली होती. “तशी माले मारता येवाव नही. तीन डाव मारी तिनी. तिसरी पुरी ऐकू उनी नही.”

“का?”

वकील मध्ये काही म्हणू लागले. मॅजिस्ट्रेटबाईंनी हात वर केला.

“मी गिरणी चालू करी दिन्ही.”

“दळण होतं का?”

“नही. रिकामीच.”

“मग कशासाठी?”

“ऐकू ये नही म्हनीसन.”

मग वकिलांनी चष्मा काढला, आणि आवाजातला गोडवाही काढला. “म्हणजे तुम्ही पोलिसांपासून हे लपवलं. दोन वर्षं लपवलं. मग आज खरं बोलताय हे कोर्टाने कशावरून मानायचं?”

“खोटं सांगानं ऱ्हातं तं तुम्ही म्हनेत तसं ‘हा’ म्हनी दिन्हं ऱ्हातं,” ती म्हणाली. “त्यामा मनंच भलं व्हतं.”

टायपिस्टने विचारलं, ‘आरोळी’ घेऊ की ‘किंकाळी’? मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, “साक्षीदाराचा शब्द आहे तसाच घ्या. पुढे लिहा, साक्षीदार सांगते की पीडितेने तिचं नाव घेऊन मदतीसाठी हाक मारली.”

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात ऊन बाकापर्यंत आलं होतं. ती खांबाला टेकली. आता मोकळं वाटेल, असं तिला पिंजऱ्यातून उतरताना वाटलं होतं. काठीचा टक टक आवाज जवळ आला. दिपमाला एकटीच आली होती. बाप दाराशी थांबला होता.

प्रमिलाबाईने हात पुढे केला. दिपमालाने तो घेतला नाही.

“अक्का,” ती हळू म्हणाली, “माले वाटे तुम्हले ऐकूच उनं नही. गिरणी चालू व्हती ना. दवाखानामा, घर, दोन वरीस मी हाईच म्हने. अक्काले ऐकू येतं तं त्या येत्यात.”

“दिपू…”

“तुम्ही सांगं ते माले चांगलं व्हयनं. वकील म्हनस, आते केस भक्कम शे.” ती वळली. मग तशीच पाठमोरी म्हणाली, “पन माले ते येवढं एकच ऱ्हायेल व्हतं.”

सुकदेवने लेकीला जिना उतरायला हात दिला. जाताना त्याने प्रमिलाबाईला दुरूनच नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा.

गावाकडे जाणारी एसटी एकच होती, सव्वापाचची. नाना आणि नवल पुढच्या बाकावर बसले, ती मागच्या. दोन्हीकडे वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या. तासाभराच्या रस्त्यात नानांनी एकदाही मागे बघितलं नाही. फाट्यावर उतरून तिघं एकामागून एक एकाच वाटेने एकाच गल्लीत शिरले. दुसरी वाटच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीला नानांचं कुलूप होतं. मशीन आतच. बाया दळणाचे डबे घेऊन आल्या, कुलूप पाहिलं, काही न विचारता परत गेल्या. दोघीतिघींनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि प्रमिलाबाईच्या बंद दाराकडे बघून पुढच्या गल्लीतल्या गिरणीची वाट धरली. कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. नानांच्या बाजूचे म्हणायचे, घर फोडलं. उरलेले म्हणायचे, ऐकून बसून राहिली. दोन्हीकडून बोलणं बंद झालं. ती शेंगा फोडायला, निंदायला दुसऱ्या गावच्या शेतात जाऊ लागली. स्वप्नील म्हणाला, सुरतेला ये. पण त्याच्या खोलीत पाच पोरं पाळीपाळीने झोपायची. ती म्हणाली, येईन.

चार महिन्यांनी निकाल लागला. नवलला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाचा कागद टायपिस्टच्या ओळखीतून स्वप्नीलच्या मोबाइलवर आला. त्याने फोनवर वाचून दाखवला. एका परिच्छेदात तिचा शब्द अवतरणात होता, ‘आरोया’. पुढे लिहिलं होतं की त्या भागात हा शब्द साध्या हाकेसाठीही वापरतात. म्हणून आरोळी कोणी, कोणाला, कशासाठी मारली यावरूनच त्या शब्दाचा अर्थ घ्यावा लागेल, आणि साक्षीदाराने स्वतःची नाचक्की पत्करून तो अर्थ सांगितला आहे. स्वप्नीलला ‘नाचक्की’ वाचताना अडखळायला झालं. प्रमिलाबाई म्हणाली, पुढे वाच.

पुढे विशेष नव्हतं. अपील झालं, जामीन झाला, महिन्याच्या आत नवल घरी आला. भिंतीपलीकडे पुन्हा त्याची खोकण्याची, चूळ भरण्याची, मोटारसायकल आत घेण्याची चाहूल येऊ लागली. दिपमालाची फारकत पंचांसमोर झाली. प्रमिलाबाईला कोणी बोलावलं नाही, तिला तरी कुठे जायचं होतं. त्या घरात आता ओरडणारं कोणी नव्हतं. तरी दुपारी ती भिंतीच्या बाजूला पाठ करून बसायची.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी गल्लीत जीप आली. शिरपूरकडची माणसं होती. नवलसाठी दुसरं स्थळ. नानांच्या ओट्यावर सतरंजी पडली, कढईतून जिलेबीचा वास सुटला. प्रमिलाबाई दार पुढे लोटून तूर निवडत बसली होती. दारावर टकटक झाली. जरीच्या लुगड्यातली एक म्हातारी होती, मुलीची आत्या. पाण्याचं निमित्त करून आली होती.

पाणी पिऊन झाल्यावर म्हातारी चौकटीतच बसली. “बाई, तुम्ही शेजारच्या. आमची पोर बिनमायची आहे. नानाभाऊ म्हणतात, पहिली बायको डोक्याने बरी नव्हती, नेहमी आरडाओरडा करायची. खरं का?”

भिंतीपलीकडे हसणं चालू होतं. प्रमिलाबाईला तिथली सतरंजी, ताटं, पुढे केलेला पानाचा डबा, सगळं न बघता दिसत होतं. उद्या कुलूप नुसतं गिरणीला राहणार नाही, हेही दिसत होतं. पाण्याचा नळ नानांच्या अंगणातून येत होता.

“नही,” ती म्हणाली. “डोकानी चांगली व्हती. मार खाये.”

मग तिने सांगितलं. सुरुवातीपासून. जिना सांगितला, तीन आरोया सांगितल्या, बटण सांगितलं. आवाज दाबला नाही. दार उघडंच होतं, आणि अर्ध्यावर कधीतरी पलीकडचं हसणं थांबलं होतं. म्हातारीने तिला मध्येच विचारलं, “आणि तुम्ही गेला नाहीत?”

“नही गयी.”

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घाईघाईने पलीकडे गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज झाला, कोणीतरी “अहो बसा तरी, पान तरी खा” म्हणालं, आणि मग जीप चालू झाली. न जेवता माणसं गेली.

प्रमिलाबाई उठली. सुपातली तूर पिशवीत भरली. नानांच्या ओट्याकडून गल्लीत चपला वाजल्या, जड, भरभर येणाऱ्या. तिने दाराला कडी लावली, दोन पावलं मागे सरली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.